गोळी दिसत नाही, मग दाखवायचं काय?

या महिन्यात पेंटबॉलवर (मास्क घालून, बंदुकीतून रंग भरलेल्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायचा तो खेळ) एक पत्र इतकं लांब आलं, सोबत अख्खी संहिता जोडून, की बाकीच्यांना जरा दाटीवाटीने बसावं लागणार आहे. नव्या वाचकांसाठी सांगते: मी तीस वर्षं सेटवर कंटिन्युइटी बघितली, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटमध्ये तसंच राहतंय ना, ते. त्यामुळे कॅमेऱ्याच्या मॉडेलचे नंबर माझ्याकडून मिळणार नाहीत. डाग कुठल्या खांद्यावर होता, ते मिळेल.

प्रश्न : ताई, मी सत्तावीस वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो. चार वर्षं आमची पाचजणांची टीम शनिवार-रविवार पेंटबॉल खेळते. या खेळाच्या स्पर्धांवर पूर्ण लांबीचा मराठी सिनेमा करायचा म्हणून १४० पानांची संहिता लिहिली आहे. त्यात सात सामने आहेत. शेवटी नायक मास्क काढून फेकतो, प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांत डोळे घालून गोळी मारतो आणि ती गोळी स्लो मोशनमध्ये मैदानभर जाताना दिसते. दोन निर्मात्यांना भेटलो. एक म्हणाले, "रंगपंचमी बघायला तिकीट कोण काढेल?" दुसऱ्यांनी पानं मोजली आणि परत दिली. हे होण्यासारखं आहे का? चित्रीकरण कसं करावं आणि खर्चाचा अंदाज कसा काढावा?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : होण्यासारखं आहे. फक्त शेवटची पाच पानं आधी फाडा.

मास्क काढून फेकणारा माणूस त्या खेळात नायक ठरत नाही, पंच त्याला बाहेर काढतात. मैदानात मास्क उतरवायचा नाही, हा नियम तुम्ही चार वर्षं पाळताय. मग कागदावर का मोडलात? नटाचा चेहरा दिसलाच पाहिजे, या धास्तीने. धास्ती खरी आहे, तिच्याकडे वळतेच. पण तुमच्या सिनेमाला पहिल्या दिवशी कोण येणार? पेंटबॉल खेळणारी पोरं. ती त्या जागी फिस्सकन हसली की शेजारच्या रांगेतले खेळ न कळणारेही हसतात. मग शेवट कितीही गंभीर असो, गेला.

आता तुमची ती मैदानभर जाणारी गोळी. ०.६८ इंच जाडीची, म्हणजे सतरा मिलिमीटर. घरातल्या सुपारीपेक्षा लहानच. सामन्यांत तिचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणजे धरा ९० मीटर. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जाईपर्यंत गोळी पावणेचार मीटर पुढे गेलेली असते. पडद्यावर येते ती एखादी पुसट रेघ, तीही नशीब असेल तर. सेकंदाला १००० चौकटी घेणारा कॅमेरा आणलात, तर दोन चौकटींमधलं अंतर नऊ सेंटिमीटरवर येतं आणि गोळी दिसते खरी. पण मैदान ४५ मीटर लांब. तेवढं अंतर कापायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो, म्हणजे पडद्यावर वीस सेकंदांच्या वर. तेवढ्यात माणूस बाहेर जाऊन वडा घेऊन येईल. शिवाय त्या कॅमेऱ्याला चाळीसपट उजेड लागतो. असा शॉट एकदा ठेवा, दोन मीटरपुरता, गोळी फुटतानाचा. जिलेटिनचं कवच चिरतं आणि आतला रंग फुलासारखा उघडतो, ते बघण्यासारखं असतं. एकदाच.

मग बाकी वेळ दाखवायचं काय? तुमच्या संहितेत ते आहे, तुमचं लक्ष गेलेलं नाही. पान ६३. नायकाच्या मित्राच्या कमरेला मागे पॉड, म्हणजे जादा गोळ्यांच्या नळ्या, लावलेले आहेत. तिथे काहीतरी आदळतं. गोळी फुटली असेल तर तो बाद. न फुटता उडून गेली असेल तर खेळात. त्याला मागे बघता येत नाही, कारण मान वळवली की समोरचा टिपणार. हात मागे नेऊन चाचपलं आणि बोटं ओली झाली, तर बाद झालेलं त्याचं त्यालाच कळणार. तो चाचपत नाही. दोन पावलं पुढे जातो. तुम्ही हे तीन ओळींत उरकलंय आणि लगेच नायकाच्या उडीवर गेलात.

अहो, तुमचा सिनेमा त्या तीन ओळींत आहे!

आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात लगोरी खेळायचो. नऊ वर्षांची असेन. चेंडू माझ्या फ्रॉकच्या घेराला लागला. अंगाला नाही, घेराला. कापड हललेलं मला कळलं आणि मी "नाही लागला" म्हणून लगोरी रचून मोकळी झाले. जिने चेंडू मारला होता, ती काही बोलली नाही. अख्खी मे महिन्याची सुट्टी बोलली नाही. पन्नास वर्षं होतील, पण तो घेर हलल्याचं मला अजून आठवतं. पेंटबॉलवाले याला वायपिंग म्हणतात: लागलेला रंग पंचाच्या नकळत पुसून टाकायचा आणि खेळत राहायचं. क्रिकेटमध्ये निदान कॅमेरे, यष्ट्या, अंपायर असतात. इथे बंकरच्या, म्हणजे मैदानातल्या हवा भरलेल्या आडोशाच्या, आड तुम्ही आणि तुमची ओली बोटं. लगोरी खेळलेल्या कुठल्याही माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. प्रेक्षक मिळेल तो इथून. तुमच्या संहितेतली परदेशातली स्पर्धा, तिरंगा, व्हिसा नाकारला जाणं, हे सगळं नंतरचं. तो मित्र आणि त्याने न चाचपलेली पाठ मध्यावर आणा, सातातले चार सामने काढून टाका आणि उरलेल्या तीनांत प्रेक्षकाला एकच गोष्ट शोधू द्या: याला लागलं होतं का?

खेळाचे नियम समजावणारा प्रवेश तुम्ही प्रशिक्षकाच्या तोंडी दीड पान घातलाय, पांढऱ्या फळ्यासकट. तो काढा. घरचं जेवणाचं टेबल घ्या. नायक आईला सांगतोय: हे लाटणं म्हणजे स्नेक, लांबलचक बंकर, याच्या आडून पालीसारखं सरपटायचं. हे समोसे म्हणजे डोरिटो, त्रिकोणी बंकर. तांब्या मधोमध. या वाट्या आमच्या पाच, त्या त्यांच्या पाच. आई एक वाटी उचलते, "मला कोशिंबिरीला लागणार आहे" म्हणते आणि पोरगं म्हणतं, "झालं, आमचा एक बाद." दोन मिनिटांत नियम संपले आणि आई कोण तेही कळलं. पुढे सामन्यात वरून मैदान दाखवलं की लोकांना लाटणं दिसेल.

चेहऱ्याची धास्ती. मास्क ही अडचण वाटते, पण खरं तर तो निर्मात्याला देवासारखा पावतो. एक तर लांबच्या शॉटमध्ये नटाच्या जागी खरा खेळाडू पळवता येतो. तुमचीच टीम पळवा. दुसरं, ओठ दिसत नाहीत. मैदानावरचा प्रत्येक संवाद डबिंगच्या शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतो, ओठ जुळवायची कटकट नाही. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, ही चैन आहे. खेळाडू समोरचे किती बाद झाले ते सांकेतिक भाषेत ओरडतात, तिथे इंग्रजी आकडे कशाला? पुण्याची टीम आहे, "एक चहाला गेला!" म्हणू द्या. समोरच्या परदेशी टीमला आयुष्यात कळणार नाही.

जवळच्या शॉटसाठी मास्कला पारदर्शक काच घ्या, आरशासारखी चमकणारी नको, नाहीतर नटाच्या डोळ्यांत कॅमेरामन दिसेल. साध्या काचेवर श्वासाने वाफ धरते म्हणून खेळाडू दुहेरी काच वापरतात. तुम्ही दोन्ही ठेवा. पान ६३ला त्याच्या काचेवर वाफ चढू द्या. चेहरा झाकला, तरी श्वास दिसतो. एक मास्क पुढून कापून छोटा कॅमेरा आत बसवता आला, तर त्याच्या नजरेतून बाहेर बघण्यापेक्षा बाहेरून आत, अगदी डोळ्याच्या कोपऱ्याशी बघा. आवाजाचंही तसंच. आत स्वतःचाच श्वास मोठा ऐकू येतो आणि बाहेरच्या गोळ्या बंकरवर पत्र्यावर गारा पडल्यासारख्या वाजतात. हे तुम्ही मला सांगायला हवं होतं, खेळता तुम्ही!

खर्च. नटांचे आकडे मी सांगणार नाही, गोळ्यांचं गणित करू. बंदुकीवरच्या गोळ्यांच्या डब्यात, म्हणजे हॉपरमध्ये, साधारण २०० गोळ्या मावतात आणि सेकंदाला दहाच्या वेगाने मारल्या तर तो वीस सेकंदांत रिकामा. कमरेला प्रत्येकी १४०चे चार पॉड धरले, तर एका खेळाडूजवळ ७६० गोळ्या. दहा खेळाडूंच्या ७,६००. पेटी २,००० गोळ्यांची असते, म्हणजे एका टेकला, सगळ्यांनी सगळं संपवलं तर, जवळपास चार पेट्या. दिवसात आठ टेक झाले तर तीस. म्हणून सगळ्यांनी सगळं मारायचं नाही. मागचे सहाजण नुसती हवा सोडतील, त्यांच्या गोळ्या कुणाला दिसतायत? कपड्यांवरचे डाग तर मारून करायचेच नाहीत, हाताने करायचे. आणि जर्सी. इथे माझं ऐका. ज्याच्यावर डाग पडणार त्या प्रत्येकाच्या निदान सहा जर्सी शिवा. रंग पाण्यात धुतला जातो हे खरं, पण ओली जर्सी वाळेपर्यंत ऊन उतरतं.

हे शहाणपण आलं कसं, तेही सांगते. काही वर्षांपूर्वी मुळशीकडे एका जाहिरातीचं शूटिंग होतं, पेंटबॉलचंच. कंपनीचं नाव राहू द्या. जुलै महिना. निर्मिती सांभाळणाऱ्या मुलाने गोळ्यांच्या पेट्या दोन दिवस आधी आणून ओसरीवर रचल्या. मुळशीची जुलैमधली हवा तुम्हाला माहीत आहे. तिथे मीठसुद्धा भांड्यातून चमच्याने खरवडावं लागतं. जिलेटिन हवेतलं पाणी पितं. गोळ्या फुगल्या, मऊ पडल्या, काही लंबगोल झाल्या. पहिल्याच टेकला मार्करच्या, म्हणजे या खेळातल्या बंदुकीच्या, नळीतच फुटल्या आणि पिवळा रंग पिचकारीसारखा बाहेर आला. नट मास्क घालून होता म्हणून दात तेवढे वाचले. मग गोळ्या निवडत बसलो, तांदूळ निवडतात तशा परातीत घेऊन. सहाजण, दोन तास. त्या गडबडीत एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली: सकाळचा डाग डाव्या खांद्यावर होता, दुपारच्या जर्सीवर उजव्या खांद्यावर काढला गेला. जाहिरात तशीच गेली. कुणाला दिसलं नाही म्हणतात. मला दिसतं.

तेव्हा डिसेंबर-जानेवारी धरा. मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हाही गोळ्या मऊ पडतात, थंड पेटीत ठेवाव्या लागतात. कॅमेऱ्यासमोर पॉलिकार्बोनेटची पारदर्शक पाटी लावा आणि दर टेकनंतर ती पुसायला एक माणूस नेमा. त्याचं दुसरं काहीही काम नको. मैदानाच्या जाळीच्या आत जाणारा प्रत्येकजण, चहावालाही, मास्क घालेल. रंग नारिंगी किंवा पिवळा घ्या. लाल नको, रक्ताशी गल्लत होते. खेळातही म्हणूनच टाळतात.

आणि रंगपंचमी म्हणणाऱ्या त्या निर्मात्याकडे परत जा. या वेळी १४० पानं नेऊ नका, पान ६३ वाचून दाखवा.

प्रश्न : मागच्या अंकात या खेळाचा ओझरता उल्लेख वाचला. बंदुका घेऊन एकमेकांवर रंग उडवणं हा खेळ? आणि त्यावर मराठीत सिनेमा? आपले मातीतले खेळ संपले काय?
– एक ज्येष्ठ वाचक, नारायण पेठ

उत्तर : संपले नाहीत आणि वरचं उत्तर वाचलंत तर लगोरीचं नाव दिसेल.

पण या खेळाचा जन्म ऐका, तुम्हाला आवडेल. दोन मित्रांचा वाद. हेज नोएल न्यूयॉर्कचा शेअर दलाल, चार्ल्स गेन्स रानावनात रमणारा लेखक. जीव वाचवायची वेळ आली तर शहरातला माणूस तगेल की रानातला? हा वाद आपल्याकडे झाला असता, तर दोन्ही बाजूंनी वाचकांच्या पत्रव्यवहारात सहा महिने चालला असता. त्यांनी बॉब गर्न्झीला सोबत घेऊन नियम बसवले आणि २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकरजवळ बाराजण रानात सोडले. प्रत्येकजण एकेकटा. हातात नेलस्पॉट नावाची वायूच्या दाबावर चालणारी पिस्तुलं, जी खरं तर झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करायला बनलेली होती. रानात लपवलेले झेंडे गोळा करून बाहेर यायचं.

जिंकला रिची व्हाइट, जंगलात काम करणारा माणूस. सगळे झेंडे घेऊन आला आणि दिवसभरात त्याने एकही गोळी झाडली नव्हती. कुणाला दिसलाच नाही.

बंदुकीबद्दल तुम्हाला वाटतं ते खेळाडूंनाही वाटतं, म्हणून ते तिला मार्कर म्हणतात. गंमत म्हणजे इतर सिनेमांतल्या गोळीबारात नायकाच्या मागच्या भिंतीवर जी धूळ उडते, ती पुष्कळदा याच मार्करमधून धूळ भरलेल्या कुप्या मारून उडवलेली असते. म्हणजे तुम्ही पेंटबॉल आधीच पाहिलेला आहे, फक्त तिकीट दुसऱ्या सिनेमाचं काढलं होतं.

प्रश्न : माझ्या मुलाला अशाच एका लघुपटात काम मिळालं आहे. गोळी लागते का हो फार? रंग नाकातोंडात गेला तर?
– एक आई, सहकारनगर

उत्तर : लागते. रबरबँड ताणून मारल्यासारखी चुरचुरते, जवळून आली तर काळानिळा वळ उठतो आणि चार दिवस मिरवायला होतो. अंगात पूर्ण बाह्यांचा जाडसर शर्ट आणि गळ्याला रुमाल असू द्या. खरा धोका डोळ्यांना असतो आणि तिथे तडजोड नाही. सेटवर गेल्यावर दोन गोष्टी बघा: मास्क पेंटबॉलचाच आहे ना, की कुणी पोहण्याचा किंवा वेल्डिंगचा चष्मा देतंय, आणि सकाळी मार्करचा वेग यंत्रावर मोजतात का. यापैकी एक जरी नसेल तर मुलाला घरी घेऊन या, दिग्दर्शक काहीही म्हणो.

रंगात मुख्यतः पॉलिएथिलीन ग्लायकॉल असतं, औषधांतही वापरतात ते. चुकून ओठाला लागला तर चूळ भरायची. मात्र सेटवर हमखास येणाऱ्या कुत्र्यांना सांडलेल्या गोळ्या खाऊ देऊ नका, असं तिथल्या मुलांना बजावा. गोळ्या त्यांना गोडसर लागतात आणि आजारी पाडतात, कधी जिवावरही बेततं.

प्रश्न : पेंटबॉलच्या मैदानाचा वरून शॉट हवा आहे. मित्राकडे ड्रोन आहे. परवानगी लागते का? लोकेशन खडकवासला किंवा वाघोलीकडे बघतोय.
– चित्रपट शिकणारा विद्यार्थी, विधी महाविद्यालय रस्ता

उत्तर : नेमक्या दोन्ही जागा जड निवडल्यात. एकीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, दुसरीकडे लोहगावची हवाई दलाची धावपट्टी. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांचा नकाशा आहे. तो उघडा आणि मगच लोकेशनला हो म्हणा. जागा खाजगी असली तरी मालकाचं पत्र खिशात ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा. आमच्या त्या मुळशीच्या शूटिंगला दुपारी शेजारच्या वाडीतून पोलीस पाटील आले होते. डोंगरावर तोंडं बांधलेली माणसं बंदुका घेऊन फिरतायत, असं गुराख्याच्या पोराने सांगितलं होतं त्यांना. त्यात त्या पोराची काय चूक? चहा घेऊन गेले बिचारे.

आणि ड्रोन हवाच कशाला? त्याची घरघर आवाजात येते, वारा सुटला की बंकर हलतात तो भाग वेगळा. तुम्हाला मैदान जरा तिरक्या उंचीवरून दिसलं तरी पुरतं. मांडववाल्याला बांबूचा तीस फुटी मनोरा बांधायला सांगा, वर दोन माणसं आणि कॅमेरा राहील एवढा, आडव्या तिरक्या बांबूंनी नीट आवळून. मात्र गणपतीच्या आधी विचारायला जाऊ नका, तो फोनसुद्धा उचलणार नाही. विसर्जन झालं की पितृपक्षाचे पंधरा दिवस त्याचे बांबू गोदामात पडून असतात. तेव्हा दर बोला आणि मनोरा डिसेंबरला बांधून घ्या.